बोटभर जागा

आमच्या घरात मिशी एकच, आणि ती माझ्या सासऱ्यांची. नवऱ्यालाही ठेवायची होती, पण बापाच्या मिशीसमोर आपली म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, म्हणून त्याने नाद सोडला. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, बागांच्या. चाळीस वर्षं ब्रश हातात होता, आणि त्यांचं म्हणणं असं की त्या चाळीस वर्षांत वेलांटी कधी चुकली नाही की अनुस्वार कधी सांडला नाही. "एक चूक दाखवा," ते छाती ठोकून सांगायचे, "त्याच दिवशी मिशी उतरवतो."

हे सांगायचे सगळ्यांना, पण बघायचे माझ्याकडे. कारण मी मुद्रितशोधक आहे. छापखान्यातून आलेली पानं लाल शाईने रक्तबंबाळ करायची हा माझा धंदा. लोकांच्या दाताखाली खडा आला की घास थांबतो, माझा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की थांबतो. बाबांना हे माहीत होतं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाक येतो का, गाता येतं का असलं काही विचारलं नाही. कागद पुढे केला आणि म्हणाले, "आशीर्वाद लिहून दाखव." मी शी दीर्घ काढली, रफार 'वा'वर ठेवला. त्यांनी मिशीवर ताव मारला आणि म्हणाले, "चालेल."

त्यानंतर चौदा वर्षं मी त्यांच्या पाट्या शोधत फिरले. त्यांची पाटी लांबून ओळखू येते. य चं पोट जरा सुटलेलं असतं आणि उजव्या कोपऱ्यात एक इवलंसं हिरवं पान असतं, ती त्यांची सही. कुठे गेले की माझी नजर आधी कोपऱ्यात. चौदा वर्षांत एक चूक सापडली नाही. मला फार राग यायचा.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. आमचा मुद्रितशोधकांचा एक गट आहे, त्यात जगाच्या चुका एकमेकांना पाठवून आम्ही खिदळतो. आमच्या धंद्यात करमणूक तेवढीच. खाली बागेचं नाव, फोटोत एक झाड, झाडापुढे लोखंडी पाटी, आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं:

या झाडाला हात लावून ये.

खाली कोणीतरी उत्तर दिलं होतं, "बरं, लगेच आलो." हसता हसता माझा चहा नाकात गेला. काय झालं होतं ते उघडच होतं. लिहायचं होतं 'हात लावू नये'. अक्षरं सगळी बरोबर, क्रमही बरोबर, फक्त मधली बोटभर जागा न च्या अलीकडे सोडायची ती पलीकडे सोडली होती. 'नये'चं 'ये' झालं होतं.

मग मी फोटो मोठा करून पाहिला. य चं पोट सुटलेलं. कोपऱ्यात हिरवं पान.

मी फोन पालथा ठेवला. बाबा समोरच पावाला लोणी लावत होते. मिशीला लोणी लागू नये म्हणून वरचा ओठ उचलून खायची त्यांची एक पद्धत आहे. चौदा वर्षं जिची वाट पाहिली ती चूक माझ्या तळहाताखाली होती, नुसता फोन उलटा करायचा अवकाश. पण मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "बाबा, अजून चहा देऊ?"

असले फोटो एका जागी थोडेच थांबतात! तीन दिवसांनी तो बाबांच्या फोनवर पोचला. कोणी पाठवला माहीत नाही, पण पोचला हे मला लगेच कळलं. ते भिंग घेऊन न्हाणीघरात गेले, अर्धा तास बाहेर आले नाहीत, आणि आले ते असे की दिवसभर मिशीला बोट लावलं नाही. संध्याकाळी जेवताना एकाएकी म्हणाले, "गाडी काढून सगळे फिरायला जाऊ. वनस्पती उद्यानं बघू."

सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, हातातला चमचा ताटात पडला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने एका कुंडीला पाणी घातलं नव्हतं.

"कसली उद्यानं?"

"वनस्पतींची. झाडं असतात. ज्ञान वाढतं."

"आता या वयात वाढवून ठेवायचं कुठे?" आई म्हणाल्या.

पण बाबांनी खिशातून कागद काढला. वाटेवरच्या तीन बागा, अंतरं, उघडायच्या वेळा. तिसऱ्या बागेचं नाव त्यांनी सगळ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. तीच ती फोटोतली बाग होती, आणि पहिल्या दोन नुसत्या सोंगाला घेतल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी थर्मासच्या पिशवीत कप ठेवायला गेले तर आत एक पायमोजा. पायमोज्यात काळ्या रंगाचा डबा, पिवळ्या रंगाची डबी आणि दोन ब्रश. म्हणजे बेत असा होता: आम्हाला कुठेतरी पांगवायचं, गुपचूप पाटी दुरुस्त करायची, आणि मग मला मुद्दाम तिथे नेऊन म्हणायचं, बघ, बिनचूक. नाहीतर मी चूक दाखवणार, आणि बाबा शब्दाचे असे पक्के की त्याच मिनिटाला वस्तरा मागणार. मी पायमोज्यावर हातपुसणी रचली आणि चेन लावून टाकली. ती मिशी उतरलेली बघायची हौस मी चौदा वर्षं बाळगली होती. आता खरोखर जायची वेळ आली तेव्हा कळलं की मला ती त्यांच्या तोंडावरच हवी आहे. या बाबतीत मी तोंडात मूग धरायचे आणि बाबांना त्यांची पाटी दुरुस्त करू द्यायची, असं मी ठरवलं.

गाडीत आम्ही पाच. नवरा भूमापक आहे, लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजतो आणि स्वतः प्रत्येक वळण चुकतो. त्याच्याशेजारी मी. मागे बाबा, आई आणि दोघांच्या मध्ये आमचा भोंगा. भोंगा म्हणजे आमची नऊ वर्षांची मुलगी. आजोबांनी तिला अक्षरं शिकवली ती पाट्यांवरून, तेव्हापासून दिसेल ती पाटी ती खणखणीत आवाजात वाचते, आणि वर पाळतेही. "पुढे अरुंद पूल! पंक्चर काढून मिळेल! हॉर्न वाजवू नये! पप्पा, वाजवू नको!"

आईंनी आयुष्यभर कपडे शिवले. शिवताना तोंडात टाचण्या धराव्या लागायच्या म्हणून गप्प बसावं लागलेल्या सगळ्या वर्षांचं त्या आता उट्टं काढतात. पहिला तास संपायच्या आत त्यांनी त्यांची ठेवणीतली गोष्ट काढलीच.

"आता बागा दाखवतायत. तरुणपणी काय दाखवलं? एक चिठ्ठी! 'मंगळवारी पळून ये.' बस, एवढंच. पुढे 'बाकी भेटल्यावर.' मी आपली ट्रंक उचलली आणि आले."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. दर वेळी आई सांगतात, दर वेळी बाबा खिडकीबाहेर बघतात. मला वाटायचं, म्हातारा मनातून खूश होतो आणि वरून लाजतो.

पहिली बाग बाबांनी वीस मिनिटांत उरकली. ताडाच्या रांगेतून असे चालले जणू गाडी सुटते आहे. दुसऱ्या बागेत तळ्यावर परातीएवढाली पानं तरंगत होती, पाटीवर लिहिलं होतं की पानावर तान्हं मूल बसू शकतं. नवऱ्याने खिशातून टेप काढली आणि काठावर पालथा पडून पान मोजलं. "एक मीटर बावीस!" असं तो ओरडला तेव्हा आसपासच्या चार अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या चौघांनाही दुसरं पान मोजून हवं झालं. बाबा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. आई म्हणाल्या, "ज्ञान वाढतंय ना, वाढू द्या की."

तिसऱ्या बागेत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. फाटकातून आत शिरताच बाबांचा गुडघा दुखायला लागला. उजवा. मग दोन पावलांवर डावा.

"तुम्ही काचगृह बघून या," ते म्हणाले, "मी इथे बाकावर बसतो. थर्मासची पिशवी राहू दे माझ्याकडे. चहा लागेल."

"मी बसते ना सोबत," आई म्हणाल्या.

"नको!" हे बाबा आणि मी एकदमच म्हणालो. बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी आईंचा दंड धरला. "आई, इथे निवडुंग फार छान आहेत म्हणे."

निवडुंगाच्या दालनात मी जे काही केलं ते कोणा मुद्रितशोधकाने केलं नसेल. मला निवडुंगातलं ओ की ठो कळत नाही. पण बाबांना वेळ मिळायला हवा होता, म्हणून मी एकेका निवडुंगापुढे थांबून बोलत सुटले. हा बघा कसा गोल, हा बघा कसा उभा, याचे काटे बघा, आता त्याचे बघा. नवरा एकाची उंची मोजायला गेला आणि त्याच्या बोटात काटा गेला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण तो काढण्यात सात मिनिटं गेली. आई माझ्याकडे संशयाने बघत होत्या.

"तुला कधीपासून गं हे वेड?"

"लहानपणापासून."

"अगं, माझ्या खिडकीतला निवडुंग तूच मारलास ना? पाणी घालून घालून!"

इतक्यात बाहेरून शाळेच्या सहलीची पोरं धावत गेली. तीसेक असतील. आणि सगळी एका सुरात ओरडत होती, "हात लावून ये! हात लावून ये!"

भोंग्याचे कान टवकारले. "पाटी आहे!" ती म्हणाली आणि सुटली. तिच्यामागे मी, माझ्यामागे तोंडात बोट घातलेला नवरा, आणि सगळ्यात मागे पदर खोचून आई. पाऊलवाट, कमळांचं तळं, औषधी वनस्पतींचे वाफे, सगळं डोळ्यांसमोरून भर्रकन गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा दृश्य असं होतं. एक मोठं, सरळ, गुळगुळीत सालीचं झाड. मुलांच्या हाताच्या उंचीला त्याची साल घासून घासून चकचकीत झाली होती. पोरं रांगेत उभी, एकेक धावत जाऊन झाडाला थाप मारून परत येत होतं. आणि पाटीपुढे बाबा उभे होते, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, आणि ब्रशवाल्या हाताचं मनगट एका माळ्याने घट्ट धरलेलं.

"पाटी खराब करता होय आजोबा? या वयात?"

"खराब नाही, दुरुस्त!"

"आमच्या पाटीला काय झालंय दुरुस्त करायला?"

तोवर भोंगा पाटीपुढे जाऊन उभी राहिली होती. तिने दम घेतला. मी डोळे मिटले.

"या! झाडाला! हात! लावून! ये!" आणि गेली धावत, थाप मारली, आली. मग कोपऱ्यात बघून किंचाळली, "आजोबा! तुमचं पान!"

सगळं संपलं. बाबा माझ्याकडे बघत होते. माळ्याने मनगट सोडलं.

"तुमचं पान म्हणजे? ही पाटी तुम्ही रंगवलीत?"

"सव्वीस वर्षांपूर्वी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "चार दिवसांत चाळीस पाट्या."

माळी दोन पावलं मागे सरला आणि त्याने अशी आरोळी ठोकली की फांदीवरची पाखरं उडाली. "बाई! ओ बाई! सापडले! पाटीवाले सापडले!"

रोपवाटिकेतून एक बाई धावत आल्या. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. त्या बागेच्या मुख्य होत्या. त्यांनी बाबांचा ब्रशासकट हात हातात घेतला आणि हलवतच राहिल्या.

"दोन वर्षं शोधतेय तुम्हाला! पाटीचा रंग उडत चाललाय. मी यंत्रावर छापलेली नवी आणून लावली, तर लोक भांडायला आले. हे अक्षर आमचं नाही म्हणे. शेवटी तुमचीच परत लावली. रंगवून द्याल?"

"त्यासाठीच तर आलो," बाबा म्हणाले. "आता बरोबर करून देतो. जागा चुकली होती."

"नाही नाही नाही!" बाईंनी दोन्ही हात पसरून पाटी झाकली. "जशीच्या तशी हवी. जागासुद्धा तिथेच. अहो, चूक आमच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली होती. बदलू बदलू म्हणता राहून गेलं, तोवर पोरं यायला लागली. आता ती पोरं आपली पोरं घेऊन येतात. झाडाचं खरं नाव दीड ओळीचं आहे, ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. लोक याला ये-झाड म्हणतात."

"पण झाडाला त्रास?"

"साल मी दर वर्षी तपासते. काही होत नाही, फक्त चमकते. त्रास झाला असता तर पाटी मीच उपटली असती."

माळी म्हणाला, "बाकी सगळ्या पाट्या, आजोबा, 'नये, नये' करतात. ही एकटीच 'ये' म्हणते."

भोंग्याने हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात दिवा पेटला. ती शेजारच्या पाटीकडे धावली. "गवतावर चालून ये!" आणि गवतावर चालून आली. सहलीतल्या पोरांनी हे पाहिलं, आणि मग बागेत जे सुरू झालं ते मला आयुष्यभर पुरेल. "फांदीला लोंबकळून ये!" "कुंपणावर चढून ये!" "मोठ्याने ओरडून ये!" ही शेवटची पाटी पक्ष्यांच्या घरट्यांपाशी होती आणि ती सगळ्यांनी मिळून पाळली. त्यांच्या मास्तरीण बाई "पोरांनो, हसू नये!" म्हणाल्या आणि स्वतःच हसून आल्या. तळ्याच्या काठावरून भोंग्याचा आवाज आला, "काठावर पळून ये!"

"ऐका!" आई खुदकन हसल्या. "ही तर माझी पाटी."

बाबांचा चेहरा पडला. इतका वेळ मला वाटत होतं ते मिशी जाईल म्हणून घाबरले आहेत. पण ते आईंकडे बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "चूक आहे. सापडली तुला."

"मला काही दिसत नाही बाबा. चष्मा गाडीत राहिला."

"डोळ्यांवर आहे तुझ्या."

मी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. नवरा म्हणाला, "आता तरी खरंच दिसत नाही तिला." पण बाबा हसले नाहीत. म्हणाले, "आधी काम. मग वस्तरा."

माळ्याने बादली पालथी घातली, बाबा तिच्यावर बसले. चार वर्षांत त्यांनी ब्रश धरला नव्हता. कप धरताना हल्ली त्यांचा हात थरथरतो, बशीत चहा सांडतो. डब्यात ब्रश बुडवतानाही थरथरला. पण पत्र्याला टेकला आणि शांत झाला. 'या' झालं, 'झाडाला' झालं, 'हात' झालं. पोरं परत येऊन गोल करून बसली होती. 'लावू' झालं. आणि हात सवयीने बोटभर पुढे सरकला. जागा सोडून. त्यांनी तो मागे आणला, तो परत सरकला. मग ते ब्रश हवेत धरून बसून राहिले.

"बाबा, रंग वाळेल," मी म्हणाले.

"ही जागा माझ्या हातून दोनदा चुकली आहे."

"दुसरी पाटी कुठली?" नवऱ्याने विचारलं.

"पाटी नव्हे. चिठ्ठी."

आई झाडाच्या कट्ट्यावर बसून संत्रं सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी 'पळून ये' लिहिलंच नव्हतं," बाबा पाटीशी बोलावं तसं बोलले. "'मंगळवारी पळू नये' असं लिहिलं होतं. आमचं मंगळवारी ठरलं होतं खरं, पण खोली मिळाली नव्हती, आणि माझी पाचावर धारण बसली होती. म्हटलं, दोन महिने थांबू. शिडीवर उभा होतो, घाईत लिहिलं, जागा चुकली असणार. मंगळवारी सकाळी शिडीवरून खाली बघतो तर ही उभी, हातात ट्रंक. मी काय बोलणार! हिच्या माहेरचं दार सात वर्षं बंद राहिलं. ही सगळ्यांना सांगते, यांनी बोलावलं. मी बोलावलं नव्हतं गं. माझ्या बोटभर जागेपायी तू चुकून आलीस."

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी पोटातून हसूही येत होतं. तेवढ्यात नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे मी मुद्रणदोष आहे?"

"मग मी मुद्रणदोषाची मुलगी?" भोंगा म्हणाली. तिला ते फार आवडलेलं दिसलं.

आईंनी हात पुसले, पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, त्याच्या अस्तराखालून आठ घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "वाच गं. तुझा धंदाच आहे. चष्मा घाल आधी."

मी चष्मा घातला. घड्या उलगडल्या. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर तेच, तरुण आणि सडपातळ. य ला अजून पोट सुटलेलं नव्हतं. मी वाचलं. मग परत वाचलं. मग धंद्याची सवय म्हणून 'पळू' आणि 'नये' यांच्यामध्ये करंगळी ठेवून पाहिली. करंगळी नीट मावली.

"बाबा," मी म्हणाले, "बिनचूक आहे. स्वच्छ 'पळू नये' आहे. आंधळ्यालाही दिसेल इतकी जागा आहे."

सगळे आईंकडे बघायला लागलो. त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली, चावली, बी हातात काढली.

"मला काय वाचता येत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "शुद्धलेखनात वर्गात पहिली यायची मी."

"अगं मग?" बाबा बादलीवरून उठून उभे राहिले.

"मग काय! मला यायचं होतं. दोन महिने थांबले असते तर तुम्ही आणखी दोन महिने मागितले असते. तुमची एक तरी पाटी कधी वेळेवर झालीय?"

"आणि एकेचाळीस वर्षं सांगत आलीस, मी बोलावलं म्हणून!"

"तुम्हाला बरं वाटायचं ना. शूर दिसायचा तुम्ही. मी म्हणायचे, बघा कसे खूश होऊन खिडकीबाहेर बघतायत."

बाबा आधी नुसते हलायला लागले. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला, आणि मग ते असे हसले की ब्रश मिशीला लागला, पांढऱ्या मिशीची एक बाजू काळी झाली आणि ते वीस वर्षांनी तरुण दिसायला लागले, अर्धेच. पोरं लोळायला लागली. बागेच्या मुख्य बाई अंबाड्यातली पेन्सिल काढून डोळे पुसायला लागल्या. मी आईंच्या गळ्यात पडले. या घरातली पहिली मुद्रितशोधक मी, अशी माझी चौदा वर्षं समजूत होती.

हसू ओसरल्यावर बाबा बादलीवर बसले आणि 'लावू'ला खेटून न काढला. मग बोटभर जागा. मग ये. कोपऱ्यातल्या पानाला हिरवा रंग माळ्याने झारी रंगवायच्या डब्यातून आणून दिला. पाटी ओली असतानाच बाबा उठले, झाडापाशी गेले, थाप मारली आणि आले. त्यांच्यामागून आम्ही सगळे जाऊन आलो. नवऱ्याने जाता जाता झाडाचा घेरही मोजला.

"आता वस्तरा," बाबा म्हणाले. "चिठ्ठी बरोबर असेल. पण पाटी चुकली होती. शब्द म्हणजे शब्द."

"बाबा, ती पाटी आता कुठे आहे?" मी म्हणाले. "तिच्यावर तुम्ही नवीन रंगवलीत. आणि नवीन अगदी सांगितली तशी आहे. मी कशात चूक दाखवू?"

"तू आज दुसऱ्यांदा खोटं बोलतेयस."

"तिसऱ्यांदा," आई म्हणाल्या. "निवडुंगाचं राहिलं."

बाबांचा हात मिशीकडे गेला. पण तो पोचायच्या आत आई उठून पुढे आल्या आणि त्यांनी संत्र्याने ओल्या झालेल्या दोन बोटांत मिशीचं काळं टोक पकडलं.

"या मिशीला," त्या प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाल्या, "हात लावू नये."

"आजी," भोंगा ओरडली, "जागा कुठे सोडलीस?"

"मला हवी तिथे," आई म्हणाल्या, आणि मिशी काही सोडली नाही.